हाडांचा रस्सा : ह्वे आणि मुरबाड

पाककृती हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, हे आपण तत्त्वतः मान्य करतो. पण तो दस्तऐवज उघडून वाचण्याची सवय मराठीच्या अभ्यासकांना अजून पुरेशी लागलेली नाही. ताम्रपट, बखर, पत्रव्यवहार यांना जी प्रतिष्ठा आहे, ती मसाल्याच्या डब्याला नाही. वस्तुतः एखादा पदार्थ कोणी शिजवला, कोणी खाल्ला, कोणी लपवला आणि कोणी लिहून ठेवला, या चार प्रश्नांत समाजरचनेचा बराचसा भाग सामावलेला असतो. प्रस्तुत लेखात एका दूरच्या पदार्थाच्या निमित्ताने हे प्रश्न आपल्या शहापूर-मुरबाडच्या मातीत आणून पाहायचे आहेत. पदार्थ आहे व्हिएतनामच्या ह्वे शहराचा तिखट रस्सा, ‘बून बो ह्वे’.

‘बून’ म्हणजे तांदळाच्या गोल, गुळगुळीत शेवया. ‘बो’ म्हणजे गाय-बैल. आणि ‘ह्वे’ हे मध्य व्हिएतनाममधले, १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन घराण्याची राजधानी असलेले नगर. खुद्द ह्वेमध्ये या पदार्थाला नुसते ‘बून बो’ म्हणतात. शहराचे नाव बाहेरच्यांनी जोडले. बैलाची हाडे, पोटरीचे मांस आणि डुकराचे पाय मंद आचेवर तासन्‌तास उकळून काढलेला रस्सा, त्यात गवती चहाचा वास, शेंदरीच्या बियांचा लालभडक रंग, आंबवलेल्या बारीक कोळंबीचा उग्र दरवळ आणि वर मिरचीची फोडणी. सोबतीला चिरलेले केळफूल, पुदिना आणि लिंबाची फोड. काही वाडग्यांत गोठवलेल्या रक्ताची वडीही असते.

ही यादी वाचताना ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला फारसे परके वाटू नये. गवती चहा आपल्या परसात असतो. फरक इतकाच, की आपण त्याची पाती चहात उकळतो आणि ते त्याचा खालचा पांढरा बुंधा ठेचून रश्श्यात टाकतात. केळफुलाची भाजी कोकणाला नवी नाही. ज्या सूक्ष्म कोळंबीपासून ह्वेचा ‘माम रुओक’ हा आंबवलेला लगदा बनतो, ती आणि आपला जवळा एकाच कुळातली. किनाऱ्यावर वाळवलेला जवळा घाटाच्या पायथ्यापर्यंत बाजारात येतो आणि पावसाळ्यात भाकरीला आधार देतो. मिरची आणि शेंदरी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. मिरची सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे आशियात पसरली, आणि आज तिच्यावाचून ना ह्वेचा वाडगा पुरा होत ना मुरबाडचे कालवण. ‘अस्सल’ या शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरी हा रस्सा करायचा तर कृती अशी. हाडे व मांस थंड पाण्यात ठेवून एक उकळी आणावी, ते मळकट पाणी फेकून द्यावे आणि हाडे स्वच्छ धुवावीत. ही पायरी टाळली तर रस्सा गढूळ होतो. मग ताज्या पाण्यात हाडे, ठेचलेल्या गवती चहाच्या बुंध्यांची जुडी, कांदा आणि मीठ घालून अगदी मंद आचेवर तीन तास ठेवावे. फेस वरचेवर काढावा, झाकण पूर्ण लावू नये. मांस शिजले की बाहेर काढून गार करून त्याचे पातळ काप करावेत. हाडे मात्र शेवटपर्यंत राहू द्यावीत. आंबवलेला लगदा मिळणार नाही. त्याऐवजी मूठभर जवळा कोरडा भाजून, कुटून, पाण्यात कालवून ठेवावा, गाळ खाली बसला की वरचे निवळ पाणी तेवढे रश्श्यात ओतावे. आंबवण्याचा तो खोल वास यातून येणार नाही, पण समुद्राची चव येते. शेवटी तेलात शेंदरीच्या बिया मंद तापवून रंग उतरला की बिया काढून टाकाव्यात, त्याच तेलात लसूण, कांदा, बारीक चिरलेला गवती चहा आणि मिरचीची पूड परतून रश्श्यावर घालावी. शेंदरी नसेल तर बेडगी मिरची रंगापुरती चालते.

शेवयांचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. दक्षिण कोकणात शिरवाळे करतात, तीच पद्धत उपयोगी पडते. जुन्या तांदळाच्या पिठाची उकड काढावी, गोळे उकळत्या पाण्यात शिजवावेत आणि गरम असतानाच सोऱ्यातून दाबावेत. व्हिएतनाममध्ये तांदूळ भिजवून, किंचित आंबवून, दळून, पीठ थेट उकळत्या पाण्यात पाडतात. शिरवाळे नारळाच्या गोड रसात जातात, बून तिखट रश्श्यात. पण तांदळाला सूत काढायला लावण्याची बुद्धी दोन्हीकडे एकच.

तात्पर्य, पाण्यापासून मिरचीपर्यंत सगळे जमते. अडते ते एका जिन्नसापाशी : ‘बो’पाशी. आणि इतिहास सुरू होतो तोही तिथेच.

भातशेतीच्या प्रदेशात बैल आणि रेडा हे आधी श्रमिक असतात, अन्न नंतर. लाल नदीच्या खोऱ्यात हे जितके खरे, तितकेच भातसा आणि काळू नद्यांच्या काठी. व्हिएतनाममध्ये नांगराचे जनावर सहसा मारले जात नसे. फ्रेंच वसाहतीच्या काळात गोमांसाची मागणी वाढली, कत्तल वाढली, आणि साहेबांच्या ताटात न जाणारी हाडे व उरलेसुरले मांस स्वस्तात रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे आले. उत्तरेकडचा ‘फो’ हा प्रसिद्ध रस्सा विसाव्या शतकाच्या आरंभी हनोई आणि नाम दिन्ह परिसरात आकाराला आला, त्यामागे ही हाडे होती असे अभ्यासक मानतात. म्हणजे आज ज्या पदार्थाला राष्ट्रीय प्रतिष्ठा आहे, त्याचा पाया धन्याने टाकलेल्या हाडांवर आहे.

ह्वेच्या भूमीचा पूर्वेतिहास तर आपल्याला अधिकच विचारात पाडणारा आहे. हा प्रदेश एकेकाळी चंपा राज्याचा होता. शिवलिंगे, संस्कृत शिलालेख आणि मी सनची मंदिरे ही त्या राज्याची खूण. १३०६ मध्ये चंपाच्या राजाने दाइ व्हिएतच्या राजकन्येशी विवाह करताना दोन प्रांत दिले, त्यांतच पुढे ह्वे उभे राहिले. चाम लोकांपैकी जे हिंदू परंपरेतले आहेत, ते आजही गोमांस वर्ज्य मानतात. म्हणजे एकाच देशात एकाचा निषेध आणि दुसऱ्याचे पक्वान्न शेजारी शेजारी नांदते. तिथेही सत्ता, युद्धे आणि विस्थापन घडलेच. पण रश्श्याचा वाडगा कोणाच्या जन्माचा दाखला ठरला नाही.

ह्वेजवळच्या व्हान कू या शेवयांसाठी प्रसिद्ध गावाची लोककथा सांगते, की शेवया करणाऱ्या एका तरुणीवर गावाने दुष्काळाचा ठपका ठेवला. देवाने दिलेला तांदूळ ती दगडाखाली चिरडते, म्हणून देव कोपला, असा आरोप झाला. धंदा सोड किंवा गाव सोड, असे सांगितल्यावर तिने गाव सोडले आणि जाताना दगडी उखळ सोबत नेले. ते उखळ जिथे टेकले, तिथे शेवयांचे गाव वसले. कथेचे ऐतिहासिक मूल्य काय असेल ते असो. बहिष्कृत स्त्रीला त्या समाजाने पदार्थाची मूळमाता म्हणून स्मरणात ठेवले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता आपल्याकडे पाहू. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी पूर्वापार ओळखली जाते. तिथे बैलाचे दात, खांदा, शिंगे, चाल यांची पारख होते, कारण चिखलणी त्याच्या खांद्यावर व्हायची असते. मराठी साहित्यात या जिवंत, कष्टकरी बैलावर पुष्कळ लिहिले गेले. प्रश्न असा, की काम संपल्यावर, मेल्यावर तो कोणाचा?

याचे उत्तर गावगाड्याने शतकानुशतके देऊन ठेवले होते. मेलेले जनावर ओढून नेणे हे महाराचे वतनी काम, आणि त्याचे मांस हा त्या कामाचा ‘हक्क’. सक्ती आणि हक्क एकाच शब्दात बांधून टाकण्याची ही व्यवस्था. ज्याने ते उचलायचे, त्यालाच ते उचलतो आणि खातो म्हणून दूर ठेवायचे. मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द केली, तोवर तिला कायद्याचाही आधार होता.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. ते आहारशास्त्र नव्हते. भुकेच्या दिवसांत हाताशी असलेले एकमेव पुष्ट अन्न सोडा, कारण त्याची किंमत माणूसपणाने मोजावी लागते, असे ते सांगणे होते. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेची उत्पत्ती यांचा संबंध मांडला. तिथे त्यांनी ताजे मांस आणि मृत जनावराचे मांस यांत केलेला भेद आपण वर्गात शिकवताना बहुधा सोडून देतो.

या अन्नाची नोंद मराठीत कुठे सापडते? १९१० च्या सुमारास आलेल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया आहेत आणि मटण-मासळीला त्यांत सन्मानाची जागा आहे. तरीही छापील पाकशास्त्राच्या मुख्य प्रवाहात हाडांचा हा रस्सा आला नाही. तो आला आत्मकथनांत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. पुढे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आले. तिथे चुलीवरची हंडी दिसते, पण ती साक्ष म्हणून, कृती म्हणून नव्हे. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या सहभागातून दलित अन्नस्मृतींची पुस्तिका सिद्ध केली. आणि शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या स्वयंपाकाला प्रथमच सविस्तर पाककृतीचे रूप मिळाले. चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, रक्ती म्हणजे शिजवलेले रक्त. ह्वेच्या वाडग्यातली रक्ताची वडी पर्यटक कौतुकाने टिपतात; रक्तीचे नाव आपल्याकडे दबक्या आवाजात घेतले जाते.

योगायोग असा, की पाटोळे यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) अधिनियम, १९९५ अंमलात आला. १९७६ च्या मूळ कायद्यात गाईच्या कत्तलीवर बंदी होती; ती आता वळू आणि बैल यांनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस-रेडा या बंदीबाहेर आहेत. त्यांच्या कत्तलीला प्रमाणपत्र लागते. तेव्हा आज शहापूर-मुरबाडच्या स्वयंपाकघरात हा रस्सा करायचा तर परवानाधारक दुकानातून म्हशीच्या मांसाची नळी आणि पोटरी आणावी. हे मांस जरा राठ असते. तीन तासांऐवजी चार तास द्यावेत, किंवा काप आधी कुकरमध्ये मऊ करून घ्यावेत. चवीत फार उणे राहत नाही. कष्टाच्या जनावराची पोटरी सावकाशच शिजते.

इथे दोन भूमिका समोरासमोर येतात आणि दोन्ही आंबेडकरी विचारविश्वातूनच निघालेल्या आहेत. एक म्हणते, जे अपमानाच्या अटीवर मिळाले ते सोडले, त्याचे स्मरणरंजन नको. दुसरी म्हणते, अपमान अटीत होता, अन्नात नव्हता. आजीच्या हाताची चव आमची आहे आणि ती लिहिण्याचा अधिकारही आमचा आहे. मला यांपैकी एकीला दुसरीच्या विरोधात उभे करावेसे वाटत नाही. १९२७ चा त्याग स्वेच्छेचा होता, म्हणून तो थोर. २००९ ची आणि २०१५ ची नोंदही स्वेच्छेची आहे. या दोहोंपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे तिसऱ्याच कोणी ठरवलेले मौन. आणि आपला अभ्यासक्रम आजवर या मौनाच्याच बाजूने राहिला आहे.

वर्गात ‘बलुतं’ शिकवताना आपण भाषा, निवेदन, वेदना, विद्रोह यांवर तास घेतो. हंडीत काय होते, ते कसे टिकवत, कसे वाळवत, कोणती बाई ते कसे शिजवत असे, हे ज्ञान म्हणून विचारत नाही. समोरच्या बाकांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, आगरी, कुणबी, बौद्ध अशा घरांतली मुले-मुली असतात. ‘महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृती’ या विषयावर निबंध दिला, की बहुतेक जण पुरणपोळीवर लिहितात. ते खोटे लिहितात असे नाही. परीक्षेच्या कागदावर कोणते अन्न लिहायचे असते, हे त्यांना बरोबर कळलेले असते.

ह्वेचा रस्सा घरी करून पाहण्याचा उपयोग इथे आहे असे मला वाटते. तो परका असल्यामुळे त्याच्याविषयी सगळ्यांना मोकळेपणाने बोलता येते. हाडे किती वेळ उकळायची, रक्त कसे गोठवायचे, टाकाऊ मानलेल्या भागांतून चव कशी काढायची, हे व्हिएतनामचे तंत्र म्हणून विचारले तर कोणी मान खाली घालत नाही. मग कधीतरी वर्गातली एखादी मुलगी म्हणेल, की हे आमच्या आजीला येते. त्या वेळी तिच्या हातात वही असावी आणि तिने लिहिलेल्या कृतीला आपण गुण द्यावेत.