आकाशमार्गांचा मागोवा : बारामती–इंदापूर परिसर

एखाद्या स्थळावरून जाणारी विमाने व कृत्रिम उपग्रह यांची दिशा, उंची व वेळ नोंदवून त्यांचा मार्ग निश्चित करणे, यास मागोवा घेणे म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर ही गावे सु. १८° उत्तर अक्षांशावर असून त्यांच्यातील सरळ अंतर ४५ ते ५० किमी. आहे. ताशी ९०० किमी. वेगाच्या जेट विमानास हे अंतर कापण्यास सु. तीन मिनिटे लागतात. पृथ्वीनिकट उपग्रहास मात्र सहा-सात सेकंद पुरतात.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने सोडलेल्या स्पुटनिक–१ या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी सु. ६५° कोन करीत होती. त्यामुळे सारा भारत तिच्या टप्प्यात आला. पुढे उपग्रहांच्या छायाचित्रणासाठी नैनिताल येथे बेकर-नन कॅमेरा बसविण्यात आला. पुणे जिल्ह्यात आर्वी येथील उपग्रह भू-केंद्र २६ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राष्ट्रास अर्पण केले. विक्रम साराभाई यांचे नाव दिलेल्या या केंद्राची सु. ३० मी. व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरील भूस्थिर उपग्रहाकडे रोखलेली असे व तीद्वारे परदेशांशी दूरध्वनी-संपर्क साधला जाई.

असे ज्ञान केंद्रांपुरतेच मर्यादित राहिल्यास काय घडते, हे १९७९ मध्ये दिसून आले. सु. ७७ टन वजनाची स्कायलॅब ही अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा कोसळणार, या वार्तेने भारतात अनेक ठिकाणी घबराट पसरली व पोलीस दलांना सावध राहण्यास सांगण्यात आले. तिची कक्षा ५० अंशांनी कललेली असल्याने हा परिसरही तिच्या मार्गाखाली येत होता, म्हणून भीती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु तीच कक्षा पृथ्वीच्या फार मोठ्या भागावरून जात असल्याने एका विशिष्ट गावास असलेला धोका अत्यल्प होता. ११ जुलै १९७९ रोजी तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. मनुष्यहानी झाली नाही.

उंची ठरविण्यासाठी दोन स्थळांहून एकाच क्षणी वेध घेणे ही सोपी रीत आहे. बारामतीच्या माथ्यावर ४०० किमी. उंचीवर असलेला उपग्रह इंदापूरहून माथ्यापासून पश्चिमेस केवळ सहा-सात अंश ढळलेला दिसतो, १० किमी. उंचीवरील विमान मात्र तेथून पश्चिम क्षितिजावर जेमतेम १२° वर दिसते. बारामतीच्या धावपट्टीवरून सराव करणारी प्रशिक्षण विमाने याहूनही खालून उडतात.

उपग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसण्यास भूमीवर अंधार व उपग्रहावर सूर्यप्रकाश असावा लागतो. म्हणून सायंकाळनंतरचा व पहाटेचा काळ योग्य ठरतो. १९९८ पासून उभारण्यात आलेले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक (कक्षेचा कल ५१·६°) या वेळी तेजस्वी ठिपक्यासारखे सरकताना दिसते. विमाने आता आपले स्थान रेडिओ-संदेशाने स्वतःच कळवितात व साध्या ग्राहकयंत्राने ते टिपता येते. कोसळणाऱ्या उपग्रहाचे पतनस्थळ मात्र आजही आधी अचूक सांगता येत नाही. कारण वरच्या वातावरणाची घनता सूर्याच्या क्रियाशीलतेनुसार बदलते आणि वेळेत अर्ध्या तासाची चूक झाल्यास पतनस्थळ पृथ्वीच्या सु. एकतृतीयांश परिघाने सरकते.