लिव्हर, काडतूस आणि संपत आलेला बायसन

बीजीएमआयमध्ये मिरामार मॅपवर 'विन ९४' उचलली असेल, तर लिव्हर-ॲक्शन रायफल तुम्ही बघितलीये. ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं; कडी वर ओढली की नवं आत. आजचा भाग हिच्या दणकट भावंडांवर, म्हणजे मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी बनलेल्या रायफलींवर. कुठली रायफल घ्यायची हे शिकारी ठरवायचा खरं, पण त्याच्याही आधी काडतुसाची लांबी बरंच काही ठरवून टाकायची.

१८७३ साली अमेरिकेत दोन गोष्टी आल्या. एक, विंचेस्टरची 'मॉडेल १८७३'. पटापट झाडता यायची, पण तिचं ४४-४० काडतूस आखूड: गोळी २०० ग्रेन, म्हणजे १३ ग्रॅम, आणि दारू ४० ग्रेन. हरणाला ठीक. ग्रिझली अस्वलासमोर ती घेऊन मी तरी उभा राहणार नाही. दुसरी गोष्ट, लष्कराचं ४५-७० काडतूस. ०.४५ इंची गोळी, मागे ७० ग्रेन काळी दारू. गोळीच ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅम, सरळ दुप्पट! पण लष्कराची स्प्रिंगफील्ड रायफल एका वेळी एकच गोळी घ्यायची. नेम चुकला आणि अस्वल अंगावर आलं, की संपलं.

मग दोन्ही एकत्र करा की! इथेच तर घोडं अडलं. विंचेस्टरने १८७६ मध्ये जुनी रचना नुसती मोठी केली, तरी ४५-७० लांबीला मावेना. म्हणून त्यांनी जाड पण आखूड ४५-७५ काढलं. (आपण नाही का, जुना कोड न बदलता इनपुटच कापतो, तसंच.) थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, यांनी १८८४ मध्ये बिगहॉर्न डोंगरात ग्रिझली मारलं ते याच रायफलने.

१८८१ मध्ये मार्लिन कंपनीने ४५-७० बसवून दाखवलं. आणि १८८६ मध्ये युटातल्या ऑग्डनच्या जॉन ब्राउनिंगची रचना विंचेस्टरने बाजारात आणली. त्याने जुनी रचना ताणली नाही, नव्यानेच मांडली. लिव्हर बंद केली की पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या वर सरकतात आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी अडकवतात. एवढं साधं! पण दणका सहन करणारं.

आता गंमत म्हणा नाहीतर शोकांतिका. त्याच १८८६ मध्ये स्मिथसोनियनचे विल्यम हॉर्नडे मोंटानात बायसन शोधत फिरत होते, संग्रहालयासाठी नमुने हवे म्हणून. लाखोंचे कळप होते तिथे त्यांना जेमतेम पंचवीसेक मिळाले. कत्तल आधीच होऊन गेली होती, तीही बहुतेक शार्प्ससारख्या एकेक गोळीच्या रायफलींनी. म्हणजे जोरदार रिपीटर तयार झाली, तोवर मैदानावरचं सगळ्यात मोठं जनावर जवळपास संपलं होतं.

एक अडचण उरलीच होती. या रायफलींचं मॅगझिन म्हणजे बॅरलखालची नळी. काडतुसं एकामागे एक, पुढच्याच्या प्रायमरला मागच्याचं टोक. टोकदार गोळी असेल तर दणक्याने आतच बार उडायचा! म्हणून टोक चपटं, आणि चपटी गोळी हवेत लवकर मंदावते. ब्राउनिंगने 'मॉडेल १८९५' ला पेटीसारखं मॅगझिन दिलं आणि प्रश्न मिटवला. तिच्यासाठी १९०४ मध्ये ४०५ विंचेस्टर काडतूस आलं: ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे ६७० मीटर.

१९०९ मध्ये रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा कर्मिट हीच घेऊन आफ्रिकेला गेले. सिंहासाठी ती रूझवेल्टांची लाडकी. गेंड्या-हत्तींसाठी मात्र सोबत हॉलंड अँड हॉलंडची दुनळी होतीच. दोघांनी मिळून ५१२ जनावरं मारली. आणि हेच रूझवेल्ट १९०५ मध्ये हॉर्नडेंबरोबर बायसन वाचवणाऱ्या अमेरिकन बायसन सोसायटीत होते. मला हे दोन्ही एका माणसात बसवायला जड जातं, पण त्या पिढीला ते खटकत नव्हतं.

४५-७० अजून जिवंत आहे. मार्लिनने १९७२ मध्ये त्यासाठी नवी लिव्हर रायफल काढली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला तेच वर्ष. आणि टोकदार गोळीचं कोडं? ते या शतकात सुटलं. टोक मऊ, रबरासारखं केलं.