गृहरचना आज्ञावली व संगणकाची कार्यक्षमता

घर, सदनिका किंवा एखादी खोली यांचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर मोजमापांसह रेखाटणाऱ्या व त्यावरून वास्तूची त्रिमितीय प्रतिमा दाखविणाऱ्या संगणक-आज्ञावलीस गृहरचना आज्ञावली असे म्हणतात. वास्तुविशारद, आरेखक, अंतर्गत सजावटकार, तसेच स्वतःच्या घराची मांडणी करू पाहणारी सामान्य माणसे अशा आज्ञावल्यांचा वापर करतात. त्यांविषयीची सर्वांत जुनी तक्रार मंदगतीची आहे. नकाशा सरकविताना पडदा अडखळतो, प्रतिमा तयार होण्यास तासन्‌तास लागतात किंवा आज्ञावली मध्येच बंद पडते. अशा वेळी संगणक दुबळा आहे असे गृहीत धरून पुष्कळदा नवे यंत्र विकत घेतले जाते. या आज्ञावल्यांचा सु. सहा दशकांचा इतिहास पाहता मात्र अडथळ्याचे स्थान स्थिर राहिलेले नाही, असे आढळून येते. ते कधी गणनेत, कधी स्मृतीत, कधी चित्रणयंत्रणेत, तर कधी खुद्द नकाशाच्या रचनेत असते. ते मापनाने निश्चित केल्यावाचून केलेला खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

प्रारंभ : संगणकाच्या पडद्यावर परस्परसंवादी आरेखन करण्याची पद्धती आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात मांडली. त्यांची ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर चाले. या संगणकाची स्मृती प्रत्येकी ३६ अंकांच्या सु. ६५,००० शब्दांची, म्हणजे आजच्या परिभाषेत ३ लाख बाइटांहूनही थोडी कमी होती. वापरणारा प्रकाशलेखणीने ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर रेषा काढी. रेषा एकेका बिंदूने उजळविली जात असल्याने आकृती मोठी झाली की बिंदूंची संख्या वाढे व चित्र लुकलुकू लागे. आरेखनाच्या आज्ञावलीपुढील कार्यक्षमतेचा प्रश्न अशा रीतीने तिच्या जन्माबरोबरच निर्माण झाला.

सदरलंड यांनी योजिलेला एक उपाय आजही उपयुक्त ठरतो. एखादी आकृती वारंवार लागत असेल, तर तिचे मूळ रेखाटन एकदाच साठवावयाचे व इतर ठिकाणी केवळ त्याचा निर्देश ठेवावयाचा, अशी सोय स्केचपॅडमध्ये होती. पुढील काळातील आज्ञावल्यांमधील ‘ब्लॉक’ व ‘कॉम्पोनंट’ या सोयी याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. सहा खुर्च्यांच्या जेवणाच्या मेजासाठी एकाच खुर्चीचे वर्णन साठविल्यास स्मृतीची मोठी बचत होते. मात्र पडद्यावर सहाही खुर्च्या काढाव्या लागतच असल्याने चित्रणाचा भार त्या प्रमाणात घटत नाही. हा फरक लक्षात न घेतल्याने पुष्कळांची निराशा होते.

टी. एच्. मायर व सदरलंड यांनी १९६८ मध्ये एका लेखात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. मुख्य संगणकावरील भार हलका करण्यासाठी चित्रणाचे काम स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविले जाते. ती यंत्रणा हळूहळू गुंतागुंतीची होऊन स्वतःच एक संगणक बनते व तिला पुन्हा साहाय्यक यंत्रणेची गरज भासते. या आवर्तनास त्यांनी पुनर्जन्माच्या चक्राची उपमा दिली.

दृश्यचित्रण व त्याची किंमत : भिंतीमागे झाकली जाणारी वस्तू पडद्यावर दिसू नये, हा त्रिमितीय चित्रणातील मूलभूत प्रश्न होय. एडविन कॅटमल यांनी यूटा विद्यापीठातील आपल्या १९७४ च्या प्रबंधात पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी अंतराची नोंद ठेवण्याची पद्धती दिली. नवा पृष्ठभाग आधीच्या नोंदीपेक्षा जवळ असेल तरच तो बिंदू बदलावयाचा, इतके तिचे तत्त्व सोपे आहे. तथापि त्या काळी स्मृती अतिशय महाग असल्याने ही पद्धती परवडणारी नव्हती. आज १,९२० × १,०८० बिंदूंच्या पडद्यासाठी प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरले, तर सु. ८३ लाख बाइट पुरतात. पुढे स्मृती स्वस्त झाल्यावर हीच पद्धती सार्वत्रिक झाली.

याहून वेगळी पद्धती किरणांच्या मागोव्याची. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रतिबिंब, वक्रीभवन व छाया यांचे चित्रण किरणांचा माग काढून करण्याची रीत विशद केली. किरण व पृष्ठभाग यांचे छेदबिंदू शोधण्यातच साध्या दृश्यांत एकूण वेळाच्या सु. ७५ टक्के, तर गुंतागुंतीच्या दृश्यांत ९५ टक्क्यांहून अधिक वेळ खर्ची पडतो, असे त्यांनी मोजून दाखविले. त्याआधी १९७१ मध्ये डॉनल्ड क्नूथ यांनीही प्रत्यक्ष आज्ञावल्यांच्या पाहणीवरून असे दाखविले होते की, आज्ञावलीच्या चार टक्क्यांहून कमी भागात तिचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. गती कोठे खुंटते हे अंदाजाने नव्हे, तर मापनाने ठरवावयाचे, ही शिस्त या अभ्यासांतून दृढ झाली.

वैयक्तिक संगणकाचा काळ : आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. त्यातील ८०८८ या प्रक्रियकाची गती ४·७७ मेगाहर्ट्‌झ होती व दशांश अपूर्णांकांची गणिते करणारी स्वतंत्र सोय त्यात नव्हती. जॉन वॉकर व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ऑटोडेस्क कंपनीची ‘ऑटोकॅड’ ही आज्ञावली त्याच वर्षी पुढे आली. आरेखन म्हणजे मुख्यतः सहनिर्देशकांचे गणित असल्याने ८०८७ हा गणिती सहप्रक्रियक बसविल्यास कामाचा वेग स्पष्टपणे वाढे. १९८७ मधील नवव्या आवृत्तीपासून तो अनिवार्यच करण्यात आला. येथे अडथळा गणनेत होता व योग्य सुट्या भागाने तो दूर झाला.

त्याच काळात नकाशाच्या शिस्तीचे महत्त्वही आरेखकांच्या ध्यानी आले. ऑटोकॅडमध्ये पडदा नुसता पुन्हा रंगविणे आणि सर्व आकृतीची नव्याने गणना करणे या दोन भिन्न क्रिया असून दुसरीस मोठ्या नकाशात पुष्कळ वेळ लागे. केवळ अदृश्य केलेल्या थरांची गणना होतच राहते, तर ‘फ्रीझ’ केलेले थर गणनेतून वगळले जातात. ही साधी गोष्ट ठाऊक असलेला आरेखक त्याच यंत्रावर शेजाऱ्यापेक्षा लवकर काम उरकीत असे.

हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात ‘आर्चिकॅड’ ही वास्तुरचनेची आज्ञावली तयार केली. रेषांऐवजी भिंत, दार, खिडकी अशा घटकांनी घर रचण्याची पद्धती तिच्यामुळे वैयक्तिक संगणकावर आली. पुढील दशकात ब्रॉडरबंड कंपनीच्या ‘थ्रीडी होम आर्किटेक्ट’सारख्या आज्ञावल्यांनी हे साधन अमेरिकेतील घराघरांत पोहोचविले. ‘स्केचअप’ २००० मध्ये प्रसिद्ध झाली. गूगलने ती २००६ मध्ये घेतली व २०१२ पासून ती ट्रिंबल या कंपनीकडे आहे. एमान्युएल पुईबारे यांची ‘स्वीट होम थ्रीडी’ ही विनामूल्य आज्ञावली जावा भाषेत लिहिलेली आहे. दरम्यान ‘ओपनजीएल’ ही चित्रणाची प्रमाण पद्धती (१९९२) व रूपांतरण आणि प्रकाशयोजना यांचे गणित स्वतः करणारे जीफोर्स २५६ हे कार्ड (१९९९) आल्याने चित्रणाचा भार ग्राफिक्स कार्डाकडे गेला. मायर व सदरलंड यांच्या चक्राचे ते एक आवर्तन पूर्ण झाले.

स्मृतीचे प्रश्न : मुख्य स्मृती अपुरी पडल्यास संगणक तबकडीचा काही भाग स्मृतीसारखा वापरतो. मुख्य स्मृतीतील नोंद सु. १०० नॅनोसेकंदांत मिळत असेल, तर फिरत्या तबकडीवरील नोंदीस सु. १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो. यामुळे संगणक पानांची अदलाबदल करण्यातच गुंतून पडतो व प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केली. या स्थितीत प्रक्रियक रिकामाच असतो, म्हणून अधिक वेगवान प्रक्रियक घेऊन काहीच साधत नाही; स्मृती वाढविणे किंवा नकाशा हलका करणे हाच उपाय होय.

स्मृती भरपूर असूनही ती आज्ञावलीस न मिळण्याचा प्रसंग येतो. ३२ अंकी पत्ते वापरणाऱ्या व्यवस्थेस ४ गिगाबाइटांपलीकडील स्मृतीचा निर्देश करता येत नाही. जावा भाषेतील आज्ञावलीस वेगळी मर्यादा नेमून दिलेली नसल्यास सामान्यतः एकूण स्मृतीचा चौथा हिस्साच मिळतो. म्हणून ८ गिगाबाइटांच्या यंत्रावरही स्मृती संपल्याची सूचना येऊ शकते. येथे दोष यंत्राचा नसून मांडणीचा असतो.

नकाशातील दोष : साधी सरळ भिंत म्हणजे सहा पृष्ठे, अर्थात १२ त्रिकोण. वीस भिंतींचे घर २४० त्रिकोणांत मावते. बाहेरून आणलेल्या कोरीव कोचाच्या किंवा कुंडीतील झाडाच्या नमुन्यात मात्र लाखाहून अधिक त्रिकोण असू शकतात. घर हलके व सामान जड, अशी ही विपरीत स्थिती असते. असे नमुने एकेक करून दडवून पाहिल्यास कोणता जड आहे ते कळते.

दुसरा दोष सहनिर्देशकांचा. चित्रणात बहुधा २४ सार्थ द्विमान अंकांच्या संख्या वापरतात. भूमापनावरून घेतलेला नकाशा मूळ स्थानापासून अतिशय दूर असतो. मुंबईच्या अक्षांशावर यूटीएम पद्धतीतील उत्तर सहनिर्देशक सु. २१ लाख मीटर आहे. तो मिलिमीटरांत लिहिल्यास या संख्यापद्धतीत लगतच्या दोन मूल्यांतील अंतर १२८ मिमी. होते, हे अर्ध्या विटेच्या भिंतीच्या जाडीहूनही अधिक आहे. साहजिकच भिंती थरथरताना दिसतात व ग्राफिक्स कार्ड बिघडल्याचा भास होतो. आकृती मूळ स्थानाजवळ आणताच हा दोष नाहीसा होतो. फरशी व तिच्यावरील सतरंजी एकाच पातळीत ठेवल्यास दोन्हींचे अंतर सारखेच भरून रंग लुकलुकतात. सतरंजी किंचित उचलणे हा त्यावरील उपाय होय.

निदानाची रीत : प्रथम लक्षण निश्चित करावे. आराखडा नीट चालतो पण त्रिमितीय दृश्य कोरे राहते किंवा ते उघडताच आज्ञावली बंद पडते, असे असल्यास ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तपासणे इष्ट. पुष्कळ लॅपटॉपांत दोन चित्रणयंत्रणा असतात व आज्ञावली त्यांपैकी दुबळी यंत्रणा वापरीत असण्याची शक्यता असते. त्यानंतर कार्यदर्शक पटलावर प्रक्रियक, स्मृती, तबकडी व चित्रणयंत्रणा यांपैकी कोण पूर्णपणे गुंतले आहे ते पाहावे. येथे एक फसगत संभवते. आठ गाभ्यांच्या प्रक्रियकातील एकच गाभा पूर्ण राबत असला, तरी एकूण वापर केवळ १२·५ टक्के दिसतो व यंत्र रिकामे असल्याचा समज होतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा ६० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर उरलेला ४० टक्के आठ गाभ्यांत वाटूनही एकूण वेळ ६५ टक्क्यांपर्यंतच खाली येतो. मॉडेल घडविण्याचे काम मुख्यतः क्रमिक असते, तर किरणांचा माग काढण्याचे काम उत्तम रीतीने वाटता येते. म्हणून अधिक गाभ्यांचा लाभ दुसऱ्या कामास होतो, पहिल्यास फारसा नाही. प्रतिमा तयार होताना आरंभी वेगाने चालणारे यंत्र काही मिनिटांनी मंदावत असेल, तर ते उष्णतेमुळे स्वतःची गती कमी करीत असण्याचा संभव असतो; धुळीने भरलेला पंखा साफ करणे हाच अशा वेळी स्वस्त उपाय ठरतो.

सर्वांत निर्णायक कसोटी तुलनेची आहे. तीच आज्ञावली रिकाम्या नकाशावर चालवून पाहिल्यास दोष यंत्रणेत आहे की नकाशात, हे बव्हंशी स्पष्ट होते. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम मोजणे ही प्रयोगशाळेतील रीत येथेही लागू पडते.

अलीकडे काही आज्ञावल्या ब्राउझरमध्ये चालतात व जड गणना दूरच्या संगणकांवर करण्यात येते. त्यामुळे घरच्या यंत्रावरील भार घटला असला, तरी जालजोडणीचा वेग हे अडथळ्याचे आणखी एक स्थान झाले आहे. यंत्रे वेगवान होत गेली तसतशी दृश्याच्या तपशिलाची अपेक्षाही वाढत गेली व अडथळ्याने केवळ आपली जागा बदलली. ती शोधून काढण्याचे कौशल्य बाळगणाऱ्या आरेखकास साध्या यंत्रावरही समाधानकारक काम करता येते.