डिस्कचं ग्रामदान

पूर्वी लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक पार्टिशनला पक्कं कुंपण असायचं. एक भरून वाहायचं, शेजारचं रिकामं पडून राहायचं. १९९८ साली हाइन्झ माउएल्सहागेन यांनी एचपी-यूएक्सच्या धर्तीवर लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं. डिस्का आधी एका सामाईक गटात टाकायच्या, मग त्यातून गरजेपुरते व्हॉल्यूम काढायचे, लागेल तसे वाढवायचे.

मला यात आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा दिसतं. १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं तिथल्या गावकऱ्यांनी २०१३ साली ठरवलं. कसणारे तेच, मालकी गावाची.

पण मंडळी, गटातली एक डिस्क गेली की तिच्यावर पसरलेले साधे व्हॉल्यूमही जातात. एलव्हीएम जागा वाटतं, आपणहून राखण करत नाही. मेंढ्यात राखणीला एकमतानं चालणारी ग्रामसभा आहे. सर्व्हरवर बॅकअप आपणच घ्यायचा.