देसाईगंजची गर्दी आणि पोहरादेवीची गर्दी

गेल्या काही महिन्यांत आमच्या तालुक्यातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एपस्टीनच्या फायलींचे फॉरवर्ड इतके येऊन गेले की शेवटी एका कार्यकर्त्याने लिहिले, "काय होते भाऊ त्याचं? दोन दिवस बोंबलतीन अन् चूप बसतीन." त्याला कुणीच उत्तर दिले नाही. दहा-बारा अंगठे तेवढे आले.

त्याचे म्हणणे खोटे नाही. जेफ्री एपस्टीनला २००८ साली फ्लोरिडात शिक्षा झाली ती सरकारी वकिलांशी तडजोड करून. तो जेमतेम तेरा महिने तुरुंगात राहिला आणि त्यातही दिवसा बाहेर ऑफिसात जायची त्याला मुभा होती. २०१९ मध्ये पुन्हा अटक झाली आणि खटला उभा राहण्याआधीच तो कोठडीत मेला. पण अमेरिकेतल्या अब्जाधीशांवर आपण वैतागतो तेव्हा तो वैताग तसा स्वस्तात पडतो. आपल्याला त्यात काहीच द्यावे लागत नाही. म्हणून मी आपल्या वाशीम जिल्ह्यातून सुरुवात करतो.

२३ फेब्रुवारी २०२१. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी. सेवालाल महाराजांचे स्थान, बंजारा समाजाची काशी. पुण्यात त्याच समाजातल्या एका तरुणीचा मृत्यू झाला होता. काही ऑडिओ क्लिप फिरत होत्या आणि त्यावरून तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड यांचे नाव घेतले जात होते. पंधरा दिवस मंत्री कुणाला दिसले नाहीत. मग दिसले ते थेट पोहरादेवीला, दर्शनाला. कोरोनाचे निर्बंध लागू असताना हजारो माणसे जमली. घोषणा झाल्या, पोलिसांची धावपळ झाली, गर्दीवर गुन्हे दाखल झाले. राठोड यांनी आरोप फेटाळले आणि समाजाची बदनामी होत असल्याचे सांगितले. २८ फेब्रुवारीला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, त्यांनी राजीनामा दिला.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा मंत्री झाले. पोलीस तपासात त्यांना क्लीन चिट मिळाली असे नव्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. राजीनाम्यासाठी रान उठवणारा भाजप आता त्याच मंत्रिमंडळात त्यांच्या शेजारी बसला होता. त्या आंदोलनाचा चेहरा असलेल्या चित्रा वाघ यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, पण त्याने कुठले खाते अडले नाही. काही आठवड्यांत राठोड यवतमाळसोबत आपल्या वाशीमचे पालकमंत्री झाले. २०२४ च्या निवडणुकीनंतर पुन्हा मंत्री.

राठोड दोषी आहेत असे मी म्हणत नाही. ते ठरवायला न्यायालय असते, मी नाही. माझा प्रश्न त्या गर्दीबद्दल आहे. मंत्रीही त्या समाजाचा आणि मेलेली मुलगीही त्याच समाजाची. मग 'समाजाची बदनामी' या शब्दातला समाज म्हणजे नेमका कोण? त्यात ती मुलगी मोजली होती का? आणि हे फक्त बंजारा बांधवांना विचारून मी मोकळा होणार नाही. आपल्या अंगणात काय होते तेही पुढे सांगतो.

आता दुसरी गर्दी.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, आज गडचिरोलीत. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, आईबाप नाहीत, लोकांच्या घरी मोलमजुरी करणारी. घरगुती भांडणाची तक्रार भावानेच केली होती म्हणून सगळे रात्री पोलीस ठाण्यात गेले. जबाब झाले. निघताना बाकीच्यांना जायला सांगितले आणि मुलीला थांबवून घेतले. आत दिवे मालवले गेले, दार लागले. बाहेर तिची माणसे उभी. हाका मारल्या, उत्तर नाही. बातमी पसरली आणि लोक जमले. या जमावाने ठाणे पेटवून देऊ अशी धमकी दिली, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली.

इतिहासात याला मथुरा प्रकरण म्हणतात. त्या रात्री ते लोक जमले नसते तर कागदाचा एक तुकडा राहिला नसता, आणि कागद नसता तर पुढचे काहीच झाले नसते. त्या गर्दीत कोण होते, त्यांची नावे काय, कुणी लिहून ठेवले नाही. आमदार-खासदार कुणी नव्हता. ती माणसे सत्तेच्या दाराबाहेर, आत असलेल्या मुलीसाठी उभी होती. पोहरादेवीची गर्दी सत्तेच्या भोवती उभी होती.

पुढे काय झाले ते तपशिलात वाचण्यासारखे आहे, कारण आपण ज्याला 'काही होत नाही' म्हणतो ते नेमके कसे घडवले जाते हे त्यात दिसते. १ जून १९७४ ला सत्र न्यायालयाने हेड कॉन्स्टेबल तुकाराम आणि कॉन्स्टेबल गणपत या दोघांना सोडले. कारण? मुलगी आधीच 'सवयीची' आहे, ती खोटे बोलते. म्हणजे आरोपी पोलीस, पण तपासणी झाली मुलीच्या चारित्र्याची. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला मुद्दा. गणपतला पाच वर्षे, तुकारामला एक वर्ष शिक्षा झाली. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मोकळे केले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे जबरदस्ती नाही. रात्रीची वेळ, बंद ठाणे, समोर वर्दी. त्या मुलीने ओरडून कुणाला बोलवायचे होते? पोलिसांना?

यानंतर पूर्ण एक वर्ष काहीही झाले नाही. ही शांतता मला फार महत्त्वाची वाटते. निकाल छापून आला, वकिलांनी वाचला, कपाटात गेला. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: संमती आणि शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्राच्या प्रती फिरल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते धरून चालायचे, अशी तरतूद झाली. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरला. पीडितेच्या 'अनैतिक चारित्र्या'वर बोट ठेवू देणारे पुरावा कायद्यातले कलम मात्र जायला २००२ उजाडले.

१९७२ ते १९८३, अकरा वर्षे. आणि देसाईगंजच्या त्या मुलीचा निकाल शेवटपर्यंत बदलला नाही. कायदा तिच्यामुळे आला, तिला सोडून बाकी सगळ्यांना मिळाला.

राजस्थानच्या भंवरीदेवी यांचेही तसेच. कुंभार समाजातल्या, सरकारी योजनेत साथिन म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये गावातल्या वरच्या जातीच्या पुरुषांनी बदला घेतला. १९९५ मध्ये न्यायालयाने आरोपी सोडले आणि वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला हात कसा लावेल, अशा धर्तीची कारणे निकालात आली. मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ ला जाळली, पण तिची राख अशी कुठेकुठे उडून बसलेली असते. त्याच प्रकरणातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यातून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. आज एअर कंडिशन्ड ऑफिसात काम करणारी ताई ज्या समितीकडे तक्रार करते, ती समिती एका कुंभार बाईच्या देहावरून आलेली आहे. हे तिथल्या ट्रेनिंगमध्ये सांगत असतील का, शंका आहे.

जळगाव १९९४ मी थोडक्यात घेतो. फोटो काढून मुलींना धमकावत राहण्याचे प्रकार, गोवलेली स्थानिक राजकारणातली नावे, अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांचा तपास. राज्यभर संताप झाला. पण मुली समोर यायला तयार नव्हत्या, कारण ज्या समाजाला संताप आला होता त्याच समाजात त्यांची लग्ने व्हायची होती. प्रमुख आरोपींपैकी एक नगरसेवक खालच्या न्यायालयात दोषी ठरला आणि पुढे उच्च न्यायालयातून सुटला. संताप पुष्कळ होता, साक्षीदारामागे उभे राहणारे थोडे होते. खैरलांजीत २००६ ला आपली पोरे रस्त्यावर आली, लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या. पण शवविच्छेदन आणि पंचनामा जिथे बिघडायचा तिथे आधीच बिघडला होता. शिक्षा खुनाची झाली. अॅट्रॉसिटी आणि लैंगिक अत्याचार निकालात टिकले नाहीत.

म्हणून मला वाटते, आपला थकवा आणि आपला संताप हे एकाच सवयीचे दोन भाग आहेत. आपण माणसावर चिडतो, तो राजीनामा देतो, आपण जिंकलो समजतो. तो परत येतो, आपण थकतो. मधल्या काळात फाइल कुठे आहे, जबाब कुणी घेतला, साक्षीदार कुठे राहते, हे कुणी पाहिलेले नसते. हा थकवा प्रस्थापितांना आयता मिळतो. त्यांना आपल्याला पटवायचे नसते, फक्त आपण कंटाळेपर्यंत थांबायचे असते. आणि संताप जर एखाद्या पक्षाकडून उसना घेतलेला असेल, तर तो पक्ष आपला संताप केव्हाही परत मागून घेतो, जसा २०२२ ला घेतला.

'काहीच होत नाही' हेही खरे नाही. कर्नाटकात प्रज्वल रेवण्णा हा माजी पंतप्रधानांचा नातू, स्वतः माजी खासदार. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, ती त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका मोलकरणीच्या साक्षीवर. तिची साडी पुरावा म्हणून मिळाली आणि त्यावरचा डीएनए जुळला. इतकी मोठी घराणेशाही एका साडीने अडवली, कारण ती साडी कुणीतरी नीट जप्त केली, सीलबंद केली आणि प्रयोगशाळेत पाठवली.

आता आपल्या अंगणाचे. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संघटनेच्या कामात आमच्यासोबत असलेल्या एका मुलीने एका ज्येष्ठ माणसाबद्दल सांगितले. शिबिरात, रात्री, खोलीवर बोलावले. त्या माणसाची भाषणे ऐकत मी मोठा झालो होतो. बैठक बसली, एका विहारात, बुद्धाच्या मूर्तीसमोर. सात पुरुष आणि एक बाई, तीही चहा घेऊन आलेली. "चळवळ बदनाम होईल." "मनुवाद्यांच्या हातात कोलीत मिळेल." "त्यांचे योगदान पाहा." ही वाक्ये आमच्यातल्या शिकलेल्या लोकांनी उच्चारली. समाजशास्त्रात एम.ए. केलेला मी तिथे होतो. मी काही बोललो नाही. त्या माणसाला शिबिराला न बोलावण्याचे ठरले, तेही एक वर्षच पाळले गेले. मुलगी काम सोडून गेली. 'चळवळ' या शब्दात आम्ही तिला मोजले नव्हते. २०२१ ला पोहरादेवीचे व्हिडिओ पाहताना मला माझी ती बैठक आठवत होती.

आणि आपण कुणाचे नाव घेतो? २० जुलै १९४२ ला नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद झाली. अध्यक्ष आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषाला अनेक बायका हा प्रकार बंद व्हावा, असे ठराव त्या बायांनी मांडले. 'आपल्याच पुरुषांची बदनामी होईल' म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, आणि बाबासाहेबांनीही त्यांना गप्प बसवले नाही. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. बायकांच्या हक्काचा प्रश्न त्या राजीनाम्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होता. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतिराव-सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा तिथे येऊन बाळंत होत. पोट बाईचे दिसत असे, पुरुष मात्र दिसत नसे. फुल्यांनी त्या बाईला आधी तिचे चारित्र्य विचारले नाही, दार उघडले.

२०१३ च्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे आपल्या पोरांचे लक्ष नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या बाईलाही. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची असते, कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणे हे समितीचे काम आहे. तालुक्याला तक्रार घेणारा नोडल अधिकारी असावा लागतो आणि त्याने सात दिवसांत ती पुढे पाठवावी लागते. मानोरा, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, वाशीम, असे सहा तालुके आपले. नोडल अधिकाऱ्यांची सहा नावे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या, जिनिंगमध्ये जाणाऱ्या, डॉक्टरच्या घरी भांडी घासणाऱ्या आपल्या मायबहिणींना तर सोडाच. अॅट्रॉसिटी कायद्यातही २०१६ पासून पीडित आणि साक्षीदाराच्या हक्कांचे १५-अ हे कलम आहे: संरक्षण, प्रवासखर्च, आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना. ते मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या जिल्ह्यात अंगणवाडीत काम करते. मागच्या वर्षी एका लग्नात भेटली, "जयभीम दादा" म्हणाली. मी तिला त्या बैठकीबद्दल विचारले. मी बोलायला हवे होते, असेही म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही तवा बोलले असते तर मले बरं वाटलं असतं. आता सांगून काय करू?" आणि लेकराला जेवू घालायला निघून गेली. त्या ज्येष्ठांचा सत्कार याच महिन्यात आहे. पत्रिकेत स्वागत समितीत माझे नाव न विचारता छापले आहे. ते काढा, असे मी काल लेखी कळवले आहे, कारणासह.