मनिऑर्डर ते पेमेंट बँकेचं कार्ड : पैसा आपल्या हाती किती?



गटाच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, मोबाइलवर ते ऑनलाइन पैशाचं खातं उघडलंय ना, त्याचं आता एटीएम कार्डपण देतायत. घ्यावं का?" विचारणारीला उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. पण एका शब्दात उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही. आपल्या घरापर्यंत पैसा आजवर कोणकोणत्या वाटांनी आला आणि प्रत्येक वाटेवर बाईच्या हातात नेमकं काय पडलं, हे आधी बघू. मग कार्डाचं तोलमाप करणं सोपं जाईल.

सुरुवात मनिऑर्डरपासून करते. आपल्या देशात टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि १८८२ साली पोस्टाची बचत बँक. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कोकणातली, घाटावरची माणसं कामाला गेली आणि गावाकडची घरं मनिऑर्डरीवर चालू लागली. पोस्टमन दारात येऊन नोटा मोजून द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. शेवटच्या काळात पाठवणाऱ्याला दर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शंभराला पाच रुपये खर्च यायचा. खर्च जास्त होता, वेळही लागायचा. पण एक गोष्ट होती: जिच्या नावाने पैसे आले, तिच्याच हातात ते पडायचे आणि अख्ख्या वाडीला ते ठाऊक असायचं. मात्र हातात आलेल्या पैशाचं खातं नव्हतं. उद्या कर्ज हवं असेल, तर दाखवायला तिच्याकडे काहीच नसायचं. २०१५ साली टपाल खात्याने ही जुनी मनिऑर्डर बंद केली.

त्याच गिरणगावात दुसऱ्या बाजूला खानावळवाल्या बायका होत्या. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालायचं आणि महिनाअखेरीला पैसे घ्यायचे. तोवर किराणा आणायचा तर सावकार. १९६९ च्या जुलैमध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गरिबांना कर्ज द्यायचं धोरण आलं. पण तारण काय ठेवणार? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि बँकेने कर्ज द्यायचं, ही वाट त्यांनी घालून दिली. आज आपण गटात जे करतो, त्याचंच हे आधीचं रूप.

पुढे १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकेला जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. सुरुवातीचं उद्दिष्ट होतं फक्त ५०० गटांचं. गटाच्या खात्याचं कामकाज दोघी-तिघींच्या सह्यांनी चालतं, एकटीला पैसे काढता येत नाहीत. या साध्या नियमाने किती गट वाचवले, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर १९९७ साली सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. त्यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला आम्ही तयार आहोत म्हणाल्या. परवाना मिळाला. हिशेब डोक्यात पक्का असतो, अडतं ते कागदावर, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

आता कार्डाकडे येऊ. आपल्या देशातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत एका परदेशी बँकेने बसवलं. पुढची बरीच वर्षं ज्या बँकेचं कार्ड, त्याच बँकेचं यंत्र, असा मामला होता. यंत्रं एकमेकांना जोडणारं देशभराचं जाळं २००४ नंतर वाढत गेलं. कार्ड चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या तेव्हा परदेशी होत्या. २०१२ साली आपलं देशी रुपे कार्ड आलं आणि २०१४ च्या २८ ऑगस्टला जनधन योजना सुरू झाली, तेव्हा ते गावोगावच्या बायकांच्या हातात पडलं. जनधनच्या खातेदारांत आज निम्म्याहून जास्त बायका आहेत. कार्डाला वर्षाचे पैसे पडत नाहीत आणि त्यावर अपघात विमाही आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना तो २ लाखांचा आहे, त्याआधीच्यांना १ लाखाचा. अट एवढीच, की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं.

पण घरोघरी झालं काय? कार्ड पासबुकात घडी घालून पेटीत गेलं. पिनचा कागद नवऱ्याकडे, नाहीतर दिराकडे. खातं बाईचं, कार्डावर नाव बाईचं, आणि पिन पाठ दुसऱ्यालाच. मनिऑर्डरीच्या काळात निदान नोटा तरी तिच्या हातात मोजल्या जायच्या. इथे तिच्या नावाचे पैसे तालुक्याच्या यंत्रातून कधी निघाले, हेही तिला कळेना. यंत्र सुधारलं म्हणून हक्क आपोआप सुधारत नाही, हे या टप्प्यावर लक्षात ठेवा.

मग मोबाइलवरचं पाकीट आलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या आणि चहाच्या टपरीवरसुद्धा पैसे भरायच्या पाट्या लागल्या. या पाकिटात, ज्याला वॉलेट म्हणतात, आपण पैसे आधी भरून ठेवतो आणि मग खर्च करतो. ते बँकेतलं बचत खातं नव्हे. त्यावर व्याज मिळत नाही आणि बँकेतल्या ठेवीला असतो तसा ठेव विमा त्याला नाही. त्याच वर्षी यूपीआयसुद्धा सुरू झालं. त्यात पैसे पाकिटात भरून ठेवावे लागत नाहीत, थेट बँक खात्यातून जातात. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून आपले पैसे नेमके कुठे पडून आहेत, हा प्रश्न पहिला विचारायचा.

पाकीट आणि बँक यांच्या मधला प्रकार म्हणजे पेमेंट बँक. रिझर्व्ह बँकेच्या नचिकेत मोर समितीने २०१४ च्या जानेवारीत ही कल्पना मांडली आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये ११ अर्जदारांना तत्त्वतः मंजुरी मिळाली. मोबाइल कंपन्या, पाकीटवाल्या कंपन्या आणि टपाल खातं असे सगळे त्यात होते. या बँकेला ठेव घेता येते, पण एका खातेदाराची एका मर्यादेपर्यंतच. आधी १ लाख, आणि २०२१ पासून २ लाख. तिला कर्ज देता येत नाही. जमा रकमेचा मोठा भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. ठेवीला इतर बँकांसारखा ५ लाखांपर्यंत विमा आहे. आणि तिला डेबिट कार्ड देता येतं. बैठकीत निघतो तो प्रश्न बहुतेकदा याच कार्डाचा असतो.

या बँकांच्या छोट्या इतिहासात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली २०१७ सालची. मोबाइलचं सिम आधारने पडताळताना एअरटेल पेमेंट बँकेत अनेक ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय उघडली गेली. सरकारी अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. त्यामुळे गॅसचं अनुदान नेहमीच्या बँकेऐवजी या नव्या खात्यांत पडू लागलं. अनेकांना असं खातं आहे हेच माहीत नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी थांबवली आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेला ५ कोटींचा दंड केला.

दुसरी २०२४ सालची. नियम पाळले गेले नाहीत म्हणून ३१ जानेवारीला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट बँकेला नव्या रकमा जमा करून घ्यायला मनाई केली. आधी २९ फेब्रुवारीची मुदत होती, ती १५ मार्चपर्यंत वाढवली. खात्यात असलेली शिल्लक काढायला बंदी नव्हती. शिल्लक असेपर्यंत कार्डही चालणार होतं. पण त्या तारखेनंतर पगार किंवा सरकारी योजनेचे पैसे त्या खात्यात जमा होणार नव्हते. म्हणजे पैसे बुडाले नाहीत, येण्याची वाट मात्र बंद झाली. ज्यांचं तेवढं एकच खातं होतं, त्यांना दुसरीकडे धावाधाव करावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये आधारला जोडलेल्या खात्यात येऊ लागले. आपलं आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे माहीत असणं किती गरजेचं आहे, ते तेव्हा दारोदार कळलं.

एवढं बघितल्यावर आता कार्ड तराजूत टाकू.

फायद्याच्या पारड्यात काय पडतं? मोबाइल बंद पडला, रेंज गेली, तरी कार्डाने एटीएममधून रोख काढता येते. पापड, मसाले, गोधडी विकणाऱ्या मैत्रिणीला गिऱ्हाइकाचे पैसे त्या ऑनलाइन खात्यात येत असतील, तर ते बाहेर काढायची एक जादा सोय होते. आणि धंद्याचे थोडे पैसे घरखर्चापासून वेगळे राहतात.

दुसऱ्या पारड्यात खर्च आहे. कार्ड देण्याची फी, वर्षाची फी, महिन्यात किती वेळा रोख फुकट काढता येते, हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. तोंडी 'फुकट आहे' म्हणाले तर दरपत्रक मागा. गावात त्या बँकेची शाखा नसते. टपाल खात्याची पेमेंट बँक असेल तर पोस्टात विचारता येतं, बाकीच्यांसाठी फोनच लावावा लागतो. दुकानात पैसे भरायला यूपीआय आधीच आहे, त्यामुळे कार्डाचा खरा उपयोग रोख काढण्यापुरताच उरतो. एटीएम वीस किलोमीटरवर असेल, तर एसटीचं भाडंही हिशेबात धरा.

जोखीमही बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून फसवणूक झाली की त्याच घटकेला बँकेला कळवायचं आणि १९३० या नंबरवर फोन करायचा. बँकेने तक्रारीला दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे. आणि एक कायम ध्यानात ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. नवीन कार्डावर ऑनलाइन खरेदी आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही. गरज नसेल तर ती बंदच राहू द्या.

माझं मत विचाराल, तर असं आहे. जिच्याकडे जनधनचं रुपे कार्ड पेटीत पडून आहे, तिने आधी ते चालू करून घ्यावं. नवा पिन स्वतः टाकावा, स्वतः पाठ करावा. जिचा माल ऑनलाइन विकला जातो, तिने पेमेंट बँकेचं कार्ड जरूर घ्यावं, पण ते बाजाराच्या पिशवीसारखं वापरावं. आठवड्याचं लागेल तेवढंच त्यात ठेवावं, वरचं बचत खात्यात टाकावं. सरकारी योजनेचे पैसे, मुलीच्या शिक्षणाची पुंजी, औषधपाण्याची रक्कम यांची जागा जवळच्या बँकेतलं किंवा पोस्टातलं खातं हीच. गटाचे पैसे मात्र कुणा एकीच्या मोबाइल खात्यातून फिरवू नका, ती कितीही विश्वासाची असली तरी. तिचा फोन हरवला, खातं अडकलं, तर पैशांबरोबर गटातला विश्वासही अडकतो. दोन सह्यांचा नियम त्याचसाठी आहे.

पुढच्या बैठकीत एक काम करू. प्रत्येकीने आपापलं कार्ड घेऊन या. खातं कोणत्या बँकेचं, ठेवीला विमा आहे का, फी किती, मुदत कधी संपते, आणि आधार कोणत्या खात्याला जोडलंय, हे पाच मुद्दे गटाच्या वहीत लिहून काढू. कार्डाचा नंबर आणि पिन मात्र वहीत लिहायचा नाही. ज्यांना आधारची जोडणी माहीत नसेल, त्यांनी आधार कार्ड घेऊन बँकेत जाऊन विचारावं. जाताना दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे भाडंही वाटून जाईल आणि खिडकीवर बोलायला बळही येईल.

भेटूया बैठकीत. नमस्कार.