पाहुण्याची शपथ

पॅसिफिक महासागरात, फिलिपाईन्सच्या पूर्वेस, पलाऊ नावाचा द्वीपसमूह आहे. स्पेनने तो 1899 साली जर्मनीला चक्क विकला. 1914 साली जपानने घेतला. 1944 साली तेथील पेलेलिऊ बेटावर अमेरिका व जपान यांचे भीषण युद्ध झाले. ज्यांची ही बेटे, त्यांना यांपैकी कोणी विचारले नाही. स्वातंत्र्य आले ते 1994 साली.

राजवटी गेल्या, पण त्यांच्याहून जुना एक रिवाज उरला होता. त्याला ‘बुल’ म्हणतात. मासे अंडी घालीत त्या दिवसांत गावचे प्रमुख प्रवाळखडकांवरील मासेमारीच बंद करीत.

पुढे प्रवासी आले. लोकवस्ती वीस हजारांच्या आत, आणि 2015 या एका वर्षात पाहुणे दीड लाखांहून अधिक! तेव्हा डिसेंबर 2017 पासून पाहुण्याच्या पारपत्रावर एक शपथ उमटू लागली; तिच्याखाली त्याने सही करावयाची. ही शपथ सरकारला नव्हे, पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. सहीने काय होते, असे कोणी म्हणेल. शपथा मोडणारे असतातच. परंतु विचारून आत येणे हेच त्या बेटांना नवे होते. शिवाय नुसत्या सहीवर ते थांबले नाहीत. उन्हापासून बचावासाठी अंगाला फासावयाच्या ज्या मलमांतील द्रव्ये प्रवाळास बाधतात, त्यांवर 1 जानेवारी 2020 पासून बंदी आली.